नंबर जुळला म्हणजे गाडी ओरिजिनल ठरत नाही

ठाणे आणि नवी मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर गेले काही महिने एक मजकूर फिरतोय. ‘व्हिंटेज गाडी ओरिजिनल आहे की नाही, पाच मिनिटांत ओळखा’ असं त्याचं शीर्षक. ज्यांच्यापर्यंत तो पोहोचला नसेल त्यांच्यासाठी त्यातले दावे थोडक्यात सांगते. इंजिन आणि चेसिसचा नंबर आरसीशी जुळला की गाडी शंभर टक्के ओरिजिनल. पत्र्याला लोहचुंबक चिकटला की पत्रा कंपनीचा, घसरला की गाडी ठोकलेली. भागावर कंपनीचा शिक्का असला की तो कंपनीतूनच बसून आलेला. मूळ परदेशी कॅटलॉगशी जे जुळत नाही ते सगळं नंतर घातलेलं. आणि शेवटी, एकही भाग बदललेला असेल तर आरटीओ व्हिंटेज म्हणून नोंद करत नाही, तेव्हा अशा गाडीला निम्मीच किंमत द्या.

मी मोटार विम्याच्या सर्व्हेचं काम करते. कुठला पत्रा कंपनीचा आणि कुठला वागळे इस्टेटमधल्या डेंटरने बसवलेला, हे वाकून, झोपून, टॉर्च मारून बघणं हे माझं रोजचं काम आहे. जुन्या गाड्यांची आवड त्याआधीपासूनची. हा मजकूर वाचून मला राग आला, कारण त्याचा वापर दोन्ही बाजूंनी होतोय. विकणारा नुसता नंबर दाखवून दहा गाड्यांचे भाग जुळवलेली गाडी अस्सल म्हणून गळ्यात मारतो. घेणारा दलाल चुंबक फिरवून जिवापाड जपलेल्या गाडीचा भाव पाडतो. दोन्हीकडे नुकसान होतं ते ज्याला गाडीतलं फारसं कळत नाही त्याचं.

जुन्या गाडीचा कुठलाही भाग बघताना दोन प्रश्न कामाला येतात. हा भाग गाडीच्या तारखेशी जुळतो का? आणि शेजारच्या भागांशी जुळतो का? बाकीच्या सगळ्या युक्त्या या दोन प्रश्नांची उत्तरं काढायला असतात. त्या मजकुरात हे प्रश्न कुठेच नाहीत.

“नंबर आरसीशी जुळला की गाडी शंभर टक्के ओरिजिनल”

आरसीवर असतो तो आज नोंदलेल्या इंजिनाचा नंबर. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा बोनेटखाली कोणतं इंजिन होतं, याचा तो पुरावा नव्हे. इंजिन बदललं तर आरटीओला कळवून आरसीत तशी नोंद करून घ्यावी लागते. ज्या मालकाने हे नियमाप्रमाणे केलं, त्याच्या गाडीचा नंबर आरसीशी तंतोतंत जुळणार आणि इंजिन तरीही दुसरंच असणार. पुस्तकाच्या रूपातली जुनी आरसी हातात असेल तर ही गोष्ट सापडते: आतल्या पानावर हाताने लिहिलेला नवा नंबर, शिक्का, तारीख. त्याच गाडीचं पुढे स्मार्ट कार्ड निघालं की कार्डावर फक्त शेवटचा नंबर उरतो. म्हणून आधी जुनं पुस्तक मागावं. ते हरवलं असेल तर आरटीओच्या नोंदवहीचा उतारा मिळतो का बघावं.

नंबर जुळवण्याची ही पद्धत मुळात अमेरिकेतल्या शेव्हरले, कॉर्व्हेटच्या संग्राहकांची. ते ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, ठोकलेले आकडे गाडीच्या चेसिस नंबरशी ताडून बघतात आणि ब्लॉकच्या ओतकामाची तारीख गाडीच्या बांधणीच्या तारखेशी. त्यात सरकारी कागदाचा फारसा संबंध नाही. आपल्याकडच्या फियाटमध्ये इंजिन नंबर आणि चेसिस नंबर वेगवेगळ्या मालिकेतले असतात. ते एकमेकांशी जुळायला हवेत, ही अपेक्षाच मुळात चुकीची.

नंबर कागदाशी जुळतो का, यापेक्षा तो धातूवर कसा ठोकलेला आहे हे बघण्यात जास्त अर्थ आहे. ज्या सपाट जागेवर नंबर ठोकतात, तिथे कारखान्यातल्या मशीनच्या बारीक, एका दिशेने गेलेल्या रेघा असतात. त्या जागेवर ग्राइंडरच्या गोल खुणा दिसल्या, किंवा ती आजूबाजूपेक्षा खोलगट लागली, तर जुना नंबर घासून नवा ठोकल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. पण आकडे किंचित वरखाली आहेत एवढ्यावरून कोणाला खोटं ठरवू नका. त्या काळात पंच आणि हातोडा घेऊन माणूसच आकडे ठोकायचा, ते थोडे हलायचेच. आरटीओच्या कामासाठी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप काढतात. अशी एखादी जुनी छाप घरच्या फाइलमध्ये सापडली तर ती सोन्यासारखी जपा. आज काढलेली छाप तिच्याशेजारी ठेवली की आकड्यांचं वळण, त्यांमधलं अंतर, एखाद्या आकड्याचा तुटका कोपरा, सगळं ताडता येतं.

आणि नंबर असतो तो फक्त ब्लॉकचा. हेड, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, गिअरबॉक्स, डिफरन्शियल यांतलं काहीही आरसीत नसतं. उलट, ब्लॉक मूळचाच असून दोनदा बोअर झालेला, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे केलेला, असू शकतो. बोअर केलेलं इंजिन म्हणजे बदललेलं इंजिन, असं समजणारे लोक मला अजून भेटतात. मोठ्या मापाचे पिस्टन कंपन्या स्वतःच पुरवायच्या, कारण सिलिंडर झिजणार हे त्यांनी धरलेलंच होतं.

चेसिस नंबराबद्दल एक गोष्ट जपून बघायची. जीपला खाली वेगळी चेसिस असते. फियाट ११०० आणि अँबेसेडरमध्ये तशी ती नाही, सगळी बॉडी मिळून एकच सांगाडा. म्हणजे नंबर असतो तो बॉडीच्याच पत्र्याच्या एका तुकड्यावर. तो तुकडा कापून दुसऱ्या गाडीत वेल्ड केला तर आरसी, नंबर, सगळं जुळेल आणि गाडी मात्र दुसरीच असेल. त्यामुळे नंबर वाचून झाल्यावर त्याच्याभोवतीची बोटभर जागा आणि पत्र्याची मागची बाजू बघणं भाग आहे. जीपचं याच्या उलट. चेसिस खरीखुरी जुनी असते आणि वरची अख्खी बॉडी हरियाणातल्या मंडी डबवालीहून नवी बनून आलेली असते.

एमएच-०४ किंवा एमएच-४३ नंबर बघून ‘मग ही १९६२ ची कशी?’ असं विचारणाऱ्यांसाठी एवढंच: एमएचची पद्धतच १९८९ पासूनची आहे. जुन्या गाडीला हा नंबर म्हणजे तिची नोंद नंतर इथे पुन्हा झाली. भागांच्या अस्सलपणाशी त्याचा काही संबंध नाही.

“लोहचुंबक चिकटला तर पत्रा कंपनीचा”

लोहचुंबक सांगतो ते एवढंच, की रंगाखाली जवळच लोखंड आहे. रबाळ्याच्या एखाद्या शेडमध्ये गेल्या महिन्यात ठोकून बनवलेल्या मडगार्डलाही तो तितकाच घट्ट चिकटतो.

घसरला तर काय, हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. पत्रा सडून त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असू शकते. खाडीच्या खाऱ्या हवेत आणि इथल्या पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचा दरवाजाखालचा पत्रा, डिकीतला स्पेअर व्हीलचा खड्डा आणि पुढच्या सीटखालची फरशी सडणारच. तिथली लांबी म्हणजे अपघात नव्हे. दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पन्नास-साठच्या दशकांत जगभरचे कारखाने दोन पत्र्यांचा सांधा शिसं वितळवून भरायचे आणि कानशीने सपाट करायचे. छताचा खांब मागच्या मडगार्डला मिळतो तिथे हे हमखास असायचं. शिशाला चुंबक चिकटत नाही. तिथे तो घसरला, तर कदाचित तुम्ही कारखान्यातल्या कारागिराच्या हातच्या कामावर बोट ठेवून उभे आहात. दलाल मात्र तिथेच ‘ठोकलेली आहे’ म्हणून दहा टक्के कापतो.

मग पत्रा बघायचा कसा? माझी पद्धत सांगते.

पहिल्यांदा दरवाजा उघडून त्याची रबरी बीडिंग थोडी बाजूला सारायची आणि खालची कड बघायची. कारखान्यात दोन पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडतात. त्याचे गोल, किंचित खोलगट ठिपके साधारण सारख्या अंतरावर एका ओळीत दिसतात. गॅरेजमध्ये गॅस किंवा सीओटू वेल्डिंग असतं. त्याची रेघ सलग असते, किंवा भोक पाडून भरलेले ठिपके असतात आणि ते पृष्ठभागाच्या वर आलेले असतात, नाहीतर घासून पार सपाट केलेले. डावीकडे ठिपके आहेत आणि उजवीकडे त्याच जागी गुळगुळीत कड आहे, म्हणजे उजव्या बाजूचं काम झालंय. नेहमी दोन्ही बाजू तुलनेने बघा. गाडी स्वतःच आपला नमुना दाखवत असते.

मग रंग. बाहेरच्या रंगावरून काहीही ठरवू नका, साठ वर्षांच्या गाडीला बाहेरून पुन्हा रंग लागलेलाच असतो. मूळ रंग सापडतो तो डॅशबोर्डच्या मागे, ग्लोव्ह बॉक्सच्या आत, डिकीतल्या गालिच्याखाली, दरवाजाच्या आतल्या पॅनलमागे, बीडिंगखाली. या पाच जागांवर एकच रंग असेल आणि बाहेर दुसरा, तर गाडीचा रंग बदललाय पण बॉडी बहुधा एकाच गाडीची आहे. दरवाजाच्या पॅनलमागे निळा आणि डॅशमागे पांढरा सापडला, तर तो दरवाजा दुसऱ्या गाडीवरून आलाय. रंगाची जातही तपासता येते. कोपऱ्यातल्या झाकलेल्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडं थिनर लावा. जुना ड्युको विरघळून कापसाला रंग लागतो. आजचा टू-के पीयू रंग ढिम्म राहतो. मालकाला विचारल्याशिवाय मात्र हे करू नका.

रंगाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणारं मशीन आता महाग राहिलेलं नाही. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते २०० मायक्रॉन भरतात, लांबी असली की आकडा हजाराच्या पुढे जातो. एका आकड्यावर भिस्त ठेवू नका. अख्ख्या गाडीवर सगळीकडे ४०० येत असेल तर ती पूर्ण रंगवलेली गाडी आहे. छतावर १५० आणि एका मडगार्डवर १४०० येत असेल तर त्या मडगार्डला काहीतरी झालंय.

शेवटी बोल्ट. हे चुंबकवाल्यांच्या लक्षातच येत नाही. फियाट इटलीची, तिचे बोल्ट मिलिमीटरचे. अँबेसेडरचं मूळ ब्रिटिश, तिचे बोल्ट इंचाचे. जुन्या अँबेसेडरच्या मडगार्डला १० मिलिमीटरचा पाना चपखल बसला, तर तो बोल्ट कारखान्यातला नाही, आणि बोल्ट बदलला म्हणजे मडगार्ड एकदा तरी उतरलंय. मडगार्ड बदललं का, हा पुढचा प्रश्न. (नव्वदच्या दशकातल्या इसुझू इंजिनाच्या अँबेसेडरला इंजिनापुरता हा नियम लावू नका, ते इंजिन जपानी मापाचं आहे.) बोल्टच्या डोक्यावरचा रंग फुटलेला, कडा गोल झालेल्या, वॉशरखाली चकचकीत नवा पत्रा, या खुणा चुंबकापेक्षा कितीतरी खरं बोलतात.

“कंपनीचा शिक्का आहे, म्हणजे कंपनीतूनच बसून आलेला”

कंपन्या भाग कारखान्यात बसवायच्या तसे काउंटरवरही विकायच्या, त्याच शिक्क्याचे. कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तीच प्रीमिअर प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी, आणि पद्मिनी जवळपास २००० पर्यंत बनत राहिली. इतक्या वर्षांत कितीतरी भाग एकमेकांत बसतील असेच राहिले. १९८८ चा दरवाजा १९६६ च्या गाडीला बसतो. त्यावर कंपनीचा शिक्का खराच असतो. म्हणून तो त्या गाडीचा होत नाही.

उलटही तितकंच खरं. कारखाना सगळंच स्वतः बनवत नव्हता. डायनॅमो, सेल्फ, डिस्ट्रिब्युटर, काच, टायर, बॅटरी बाहेरून यायची. मद्रासच्या लुकास-टीव्हीएसचा डायनॅमो बघून ‘हा फियाटचा नाही’ म्हणणाऱ्याला गाडी कशी बनते हेच ठाऊक नाही.

शिक्क्याऐवजी तारीख शोधा. लुकासच्या डायनॅमो, सेल्फ, डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर भागाच्या नंबराशेजारी छोटे आकडे ठोकलेले असतात, त्यांत वर्ष असतं. जनरल मोटर्सच्या ओतीव ब्लॉकवर महिन्याचं अक्षर, तारीख आणि वर्षाचा शेवटचा आकडा उमटलेला असतो. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं एलपर्यंत. बऱ्याच काचांवर कोपऱ्यातल्या खुणेत बनवल्याचा काळ असतो. दर वेळी लागू होणारा नियम असा: भागाची तारीख गाडीच्या तारखेनंतरची असेल, तर तो भाग त्या गाडीचा मूळ नाही, वाद संपला. आधीची असेल तर तो मूळ असू शकतो, पण सिद्ध होत नाही. काही आठवडे ते काही महिने आधीची तारीख अपेक्षितच असते, कारण भाग बनून, येऊन, रॅकवर थांबून मग गाडीत बसतो. चार वर्षं आधीची असेल तर तो दुसऱ्या गाडीवरून आला असण्याची शक्यता जास्त.

काचा तर अवश्य बघा. पुढची काच फुटतेच, तिच्यावरून काही ठरत नाही. पण चार दरवाजांच्या काचांपैकी तिघींवर एक खूण आणि चौथीवर दुसरी असेल, तर त्या चौथ्या दरवाजाकडे नीट वळा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात जुन्या पिवळट खोक्यातला ‘कंपनी सीलपॅक’ भाग मिळाला म्हणून हरखून जाणारे असतात. जुना साठा खरोखरच निघतो आणि तो उत्तम असतो. पण खोकी आणि लेबलंही छापून मिळतात, तेव्हा खोकं बाजूला ठेवा आणि भाग बघा. मूळ भागाच्या ओतकामाच्या कडा धारदार असतात. जुन्या भागाचाच साचा काढून ओतलेल्या नकलेत अक्षरं किंचित बुजतात आणि माप थोडं लहान भरतं, कारण ओतलेला धातू निवताना आकसतो. ग्रिलवरची चिन्हं, नावाच्या पट्ट्या, हँडल यांत हा फरक बोटालासुद्धा कळतो. जस्ताच्या मिश्रधातूच्या जुन्या चिन्हावर क्रोमला बारीक फोड आलेले असतात. तीस पावसाळे काढूनही एखादं चिन्ह आरशासारखं असेल, तर एकतर ते पुन्हा क्रोम केलंय किंवा नवं आहे. पुन्हा क्रोम केलेल्यात अक्षरांच्या कडा पॉलिशने गोलावलेल्या असतात.

“परदेशी कॅटलॉगशी जुळत नाही ते नंतर घातलेलं”

पाचही दाव्यांत सगळ्यात जास्त नुकसान करणारा दावा हा, कारण तो अभ्यासू वाटतो. इंटरनेटवर इटालियन, ब्रिटिश, अमेरिकन कॅटलॉग सहज मिळतात. ते उघडून समोरच्या गाडीशी ताडलं की आपण संशोधन केलं असं वाटतं.

नौपाड्यात एका काकूंकडे त्यांच्या यजमानांची १९६५ ची फियाट डिलाइट आहे. ते गेल्यावर गाडी विकायचं ठरलं. दलाल आला, त्याने मोबाइलवर इटालियन ११०० डीचं पान काढून दाखवलं आणि म्हणाला, “काकू, कंपनीचं इंजिन १२२१ सीसीचं असतं. तुमच्या आरसीत १०८९ लिहिलंय. काकांनी इंजिन बदललंय, तुम्हाला माहीत नसेल.” काकू मला सांगत होत्या, “अगं, त्यांनी गाडीचा साधा बल्ब बदलला तरी वहीत लिहून ठेवलंय. इंजिन बदलतील आणि मला सांगणार नाहीत?” त्यांना पैसे कमी मिळतील याचं दुःख नव्हतं. यजमानांनी आपल्यापासून काही लपवलं, असं कोणीतरी परका माणूस घरात बसून सांगून गेला, ते त्यांना लागलं होतं.

दलालाने दाखवलेलं पान खरं होतं. इटलीतल्या ११०० डीला १२२१ सीसीचं इंजिन होतं. पण कुर्ल्याला बनलेल्या डिलाइटला १०८९ सीसीचंच इंजिन होतं, आणि पुढे पद्मिनीतही तेच राहिलं. आरसीत १०८९ लिहिलंय ते बरोबर आहे. तिथे १२२१ लिहिलेलं सापडलं असतं तर मी चौकशी केली असती. काकूंच्या वहीत रिंग-पिस्टनच्या कामाची, क्लच प्लेटची, दोन वेळा रेक्झिन बदलल्याची तारीखवार नोंद आहे, इंजिन बदलल्याची नाही. ब्लॉकवरचा नंबर जुन्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावरचा आहे. ती वही आता गाडीबरोबरच द्या, असं मी त्यांना सांगितलं.

हे फियाटपुरतं नाही. अँबेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री, असं सगळेच सांगतात. इंग्लंडमधल्या त्या ऑक्सफर्डला १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन होतं. हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातल्या सुरुवातीच्या अँबेसेडर मात्र साइड व्हॉल्व्ह इंजिनाच्या होत्या, ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन १९५९ मध्ये आलं. ब्रिटिश कॅटलॉग घेऊन बसलेला माणूस साइड व्हॉल्व्हची गाडी ‘जुन्या लँडमास्टरचं (अँबेसेडरच्या आधीच्या हिंदुस्थान गाडीचं) इंजिन टाकलंय’ म्हणून नाकारेल, आणि ती दुर्मीळ, अस्सल गाडी भंगाराच्या भावात जाईल. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचं तर विचारूच नका. ब्रिटनमध्ये हेराल्ड सलून दोन दरवाजांची, आपल्याकडे पुढे चार दरवाजांची निघाली. म्हणजे या नियमाप्रमाणे दोन दरवाजे नंतर घातलेले!

यामागे इतिहास आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला आणि सुटे भाग आणून गाड्या जोडल्या. त्या उजव्या स्टिअरिंगच्या होत्या, अमेरिकन जाहिरातीतल्या डॅशबोर्डशी त्यांचा डॅशबोर्ड जुळणार कसा? १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर धोरण बदललं. देशात भाग बनवायची योजना नसलेल्यांनी नुसती जोडणी करत राहू नये, असं ठरलं, आणि १९५४ मध्ये शिवडीचं काम थांबलं. जे टिकले, म्हणजे हिंदुस्थान, प्रीमिअर, स्टँडर्ड, त्यांना दर वर्षी आणखी काही भाग इथे बनवावे लागले. परदेशी भागाची जागा देशी भागाने घेणं हे कारखान्यातच घडत होतं, गॅरेजमध्ये नव्हे. १९६१ ची गाडी आणि १९६७ ची गाडी यांतला फरक इथल्या परवान्यांनी आणि आयातीच्या कोट्याने ठरवला आहे.

ठाणे जिल्ह्यातलीच गोष्ट सांगायची तर, प्रीमिअरच्या कल्याणच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ जोडली जात होती. त्याआधी १९८५ मध्ये आलेली प्रीमिअर ११८ एनई ही बॉडीने फियाट घराण्यातली आणि इंजिनाने निस्सानची. आणखी वीस वर्षांनी कोणीतरी तिचं बोनेट उघडून ‘फियाटमध्ये जपानी इंजिन टाकलंय’ म्हणणार. पद्मिनीही डिझेल इंजिनासह कंपनीतूनच निघत होती. तेव्हा डिझेल दिसलं की लगेच गॅरेजचं काम म्हणू नका, आधी गाडीचं वर्ष आणि मॉडेल बघा.

ताडायचंच असेल तर भारतातल्या कंपनीने छापलेलं मालकाचं पुस्तक आणि पार्ट्स कॅटलॉग शोधा. ब्रिटनमध्येच बनून आलेल्या मॉरिस, ऑस्टिन, एमजीसाठी इंग्लंडमधल्या गेडनच्या मोटार संग्रहालयातून कारखान्याच्या नोंदवहीवरून प्रमाणपत्र मिळतं, ते जरूर काढा. इथे बनलेल्या गाडीसाठी मात्र घरचा फोटो अल्बम हा फार मोठा पुरावा आहे. लग्नात सजवलेली गाडी, बारशाला दाराशी उभी गाडी, महाबळेश्वरच्या सहलीतली गाडी. कृष्णधवल फोटोतही ग्रिलची जाळी, आरशाची जागा, व्हीलकॅप, बंपरचा आकार स्पष्ट दिसतो. मार्क वन अँबेसेडरचं घड्या पडलेलं बोनेट आणि मार्क टूची चौकटीची ग्रिल फोटोत लांबून ओळखू येते. फोटोमागे तारीख लिहायची सवय आपल्या आधीच्या पिढीला होती.

“एकही भाग बदलला असेल तर व्हिंटेज नोंदणी नाही, किंमत निम्मी”

जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी यात येते. गाडी मूळ रूपात जपलेली हवी आणि तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. त्या फेरफारात नियमाने नावं घेतली आहेत ती चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनातल्या बदलांची. बीडिंग, टायर, ब्रेकचे होज, वायरिंग, सीटचं रेक्झिन यांचं नाव तिथे नाही. फियाटमध्ये मारुतीचं इंजिन बसवलं असेल तर अडचण येणार आणि यायलाच हवी. क्लच प्लेट बदलली म्हणून कोणी नोंदणी नाकारणार नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. जिची नोंद आधीच आहे तिला जुना नंबर ठेवता येतो.

झिजणारे भाग मूळचेच हवेत, हा हट्ट तर धोक्याचा आहे. रबर आतून मरतं, वरून दिसत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा, त्यावर गाडी चालवू नका. कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरींचं वेष्टण हाताने चुरतं आणि शॉर्ट होऊन आग लागते. अँबेसेडरची वायरिंग नवी करताना लुकासचे मूळ रंग पाळून घेता येतात: बॅटरीची मुख्य वायर तपकिरी, इग्निशनची पांढरी, हेडलाइटची निळी, अर्थ काळी. असं काम पुढच्या वायरमनलाही समजतं आणि गाडीच्या स्वभावाशी इमान राखतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या ब्रेकच्या रबरांवर भरवसा ठेवून घोडबंदरचा गायमुख घाट उतरणाऱ्याला मी अस्सलपणाचा भक्त म्हणणार नाही.

फिव्हा ही जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून काम करते. तिच्या ट्युरिन चार्टरमध्ये गाडीला हात न लावता जपणं, आहे ते टिकवणं आणि गेलेलं पुन्हा उभं करणं अशा पायऱ्या मानलेल्या आहेत. एक भाग बदलला म्हणून गाडी बाद, असं तिथेही नाही. झालेलं काम नोंदवून ठेवा, यावर मात्र भर आहे.

किमतीचंही तसंच. विकणाऱ्याने ‘फुल ओरिजिनल’ लिहिणं बंद करावं आणि घेणाऱ्याने ते वाचून भाव ठरवणं बंद करावं. त्याऐवजी एका कागदावर असं लिहून, सही करून द्यावं: ब्लॉक मूळ, एकदा बोअर झालेला, हेड त्याच काळातलं, दुसऱ्या गाडीचं, डावं पुढचं मडगार्ड बदललेलं, वर्ष आठवत नाही, बाकी पत्रा मूळ, दरवाजाखाली दोन्हीकडे सड काढून नवा तुकडा जोडलेला, रंग बाहेरून बदललेला, मूळ राखाडी डॅशमागे शिल्लक, वायरिंग नवी, डायनॅमो मूळ, तारीख गाडीच्या दोन महिने आधीची, काचा चारही दरवाजांच्या मूळ, पुढची बदललेली. सोबत बिलं, जुनी आरसी आणि निदान एक जुना फोटो. वागळेतल्या ज्या मिस्त्रीने काम केलं त्याचं नाव लिहिलंत तर आणखी बरं, म्हणजे घेणाऱ्याला त्याच्याकडे जाऊन विचारता येईल.